रक्ताचा वारसा व कर्करोग
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या सभेत वक्त्याने मागील वर्षांचा आढावा घ्यावा, वडीलधाऱ्यांचे कृतज्ञतेने स्मरण करावे व पुढील पिढीस हिताचे चार शब्द सांगावे, असा आपला परिपाठ आहे. मला नेमून दिलेला विषय वरकरणी या परिपाठात बसणारा नाही. कर्करोगासारख्या दुर्धर व्याधीचे नाव उत्सवाच्या मांडवात कशास, असे कोणाच्या मनात आल्यास मी त्यास दोष देणार नाही. परंतु वडिलांनी आपणांस काय दिले याचा विचार करण्याचाच हा दिवस असेल, तर घर, शेत, नाव व श्रद्धा यांच्याबरोबर त्यांनी आपल्या देहात काय ठेवून दिले, हेही पाहणे प्राप्त आहे. आजोबांचे नाक नातवास येते, आईचा आवाज लेकीस येतो. तद्वत् क्वचित् एखाद्या घराण्यात एखाद्या रोगाकडे असलेला कलही पिढीजात येतो.

आपल्या मराठवाड्यात कर्करोगाविषयी दोन समजुती एकाच घरात सुखाने नांदतात. पहिली अशी की, हा रोग रोग्याच्या सहवासाने लागतो. म्हणून त्याचे ताट-तांब्या वेगळे करण्यात येतात. दुसरी अशी की, तो घराण्याच्या रक्तातच असतो. म्हणून सोयरीक जुळविताना त्याचे नाव कोणी ओठांवर येऊ देत नाही. मुलीची आजी कशाने वारली असे विचारावे, तर ‘पोटदुखीने’ असे उत्तर मिळते. आत्या कशाने वारली, तर ‘तापाने’. यांपैकी पहिली समजूत निखालस खोटी आहे. दुसरी थोड्या घराण्यांच्या बाबतीत खरी व बहुतेकांच्या बाबतीत खोटी असून, जेथे ती खरी आहे तेथेही तिच्यावर इलाज आहे. एवढे एक वाक्य खात्रीने उच्चारण्यास वैद्यकशास्त्रास शंभर वर्षे खर्ची घालावी लागली. त्या शंभर वर्षांची कथा, व विशेषतः तीत एका मराठी वैद्याने उचललेला वाटा, आपणांपुढे ठेवण्याचा माझा विचार आहे.

वारशाच्या शास्त्राचा आरंभ एका मठात झाला, हे या सभेस ऐकून आनंद वाटेल. ऑगस्टिनियन संघाचे मठवासी ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत वर्षानुवर्षे वाटाण्याच्या वेलींचे संकर केले, व प्रत्येक पिढीतील उंच-बुटकी रोपे व गोल-सुरकुतलेले दाणे मोजून लिहून ठेवले. गुणदोष पुढील पिढीत जातात ते वाटेल तसे मिसळून नव्हे, तर ठरलेल्या प्रमाणात, हा नियम त्यांनी १८६५ साली विद्वानांच्या सभेत वाचून दाखविला. तो पुढील वर्षी छापलाही गेला. परंतु १९०० सालापर्यंत त्याची कोणी दखल घेतली नाही. आपण आज ज्यास जनुक म्हणतो, त्याची कल्पना या वाटाण्यांच्या हिशेबातून निघाली.

आता मुंबईकडे वळू. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतकाशी नाते असलेल्या एका मराठी घराण्यात झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी संपादन करून ते मुंबईस परतले, व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी त्याच शास्त्राचे अध्यापन केले. विकृतिशास्त्रज्ञ हा रोग्याच्या उशाशी बसणारा वैद्य नव्हे. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा, काचेची पट्टी व सूक्ष्मदर्शक यंत्र, एवढेच त्याचे जग. परंतु रोगाचे नाव काय, हा अंतिम निवाडा त्याच्याच हातून होतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या; पुढे त्या घराण्याच्या विश्वस्त निधीतून परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा खानोलकरांच्या खांद्यांवर आली.

त्या काळी पुष्कळ पाश्चात्य पंडितांची अशी समजूत होती की, कर्करोग हा सुधारलेल्या देशांचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळा आहे. खानोलकरांनी वाद घातला नाही. त्यांनी मोजणी केली. रोग्याचे वय, जात, धर्म, धंदा, आहार, तंबाखू चघळण्याची किंवा ओढण्याची तऱ्हा, या सर्वांची नोंद ते करवून घेत. मुखाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रोग्यांचा अभ्यास त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. कमरेस धोतर वर्षानुवर्षे आवळून नेसल्याने त्याच जागी त्वचेचा कर्करोग होतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९४५ साली दाखविले. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा मुख-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी डॉ. सांघवी प्रभृतींसह १९५५ साली आकडेवारीने मांडला. सारांश, रोगाचे मूळ बहुधा रक्तात नसून सवयीत असते, हा त्यांच्या संशोधनाचा पहिला धडा होय. वारशाविषयी बोलणाऱ्याने तो प्रथम पाठ केला पाहिजे.

परंतु हे सर्व मोजीत असता एक अवघड प्रश्न पुढे उभा राहिला. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळे, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा. पारशी समाज लहान व आपसांतच लग्ने करणारा. तेव्हा हा रक्ताचाच परिणाम, असे कोणी सहज म्हणाले असते. उलट पारशी स्त्रियांची लग्ने उशिरा होत व मुले थोडी होत. तेव्हा हा राहणीचा परिणाम, असेही तितक्याच सहजपणे म्हणता आले असते. रक्त व राहणी ही दोन्ही एकाच घरात आईकडून लेकीस मिळत असल्याने, कोणते कोणाचे काम हे ओळखणे कठीण. हा गुंता सोडविण्यास आधी निरनिराळ्या समाजांच्या रक्तात भेद आहे तरी किती, हे ठाऊक हवे. म्हणून डॉ. सांघवी व खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांतील सात आनुवंशिक लक्षणे तपासली. रक्तगटांसारखी ही लक्षणे असून, तो निबंध १९४९–५० च्या सुमारास विलायतेतील एका मान्य नियतकालिकात आला. हिंदी लोकांच्या आनुवंशिक अभ्यासाच्या पायाभरणीत त्याची गणना होते.

हाच गुंता दुसऱ्या टोकाने उकलण्याचे काम त्यांच्या एका शिष्येने हाती घेतले. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागेत व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ऊतिसंवर्धनाची विद्या आत्मसात करून त्या स्वदेशी परतल्या. उंदरांच्या शुद्ध वंशावळी राखून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. या उंदरांची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. काही वंशांत मादीमागून मादीस तो रोग होई. हा वारसाच, यात कोणास शंका नव्हती. परंतु अमेरिकेतील बिटनर यांनी १९३६ साली असे दाखविले की, अशा वंशाची पिल्ले जन्मताच निरोगी वंशाच्या मादीच्या दुधावर वाढविली, तर त्यांपैकी पुष्कळ रोगापासून वाचतात. रोग केवळ रक्तातून नव्हे, तर दुधातून उतरत होता; त्या दुधात एक विषाणू होता. वंश, अंतःस्रावी रस व विषाणू ही तिन्ही मिळून रोग कसा घडवितात, हा रणदिवेबाईंच्या संशोधनाचा विषय होता. एकाच घरात रोग पुन्हा पुन्हा दिसला म्हणजे तो रक्तातलाच, असा निष्कर्ष घाईने काढू नये, हा धडा त्या मुक्या प्राण्यांनी आपणांस दिला आहे.

खानोलकरांनी १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना केली. १९६० ते १९६३ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६३ साली त्यांस राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमण्यात आले, व १९७८ साली ते दिवंगत झाले. पद्मभूषण ही पदवी त्यांस १९५५ साली व रणदिवेबाईंस १९८२ साली मिळाली. परंतु पदव्यांपेक्षा मोठी गोष्ट ही की, रोग्याची हकीकत हीसुद्धा शास्त्राची सामग्री आहे, असे मानणारी शिष्यपरंपरा त्यांनी मागे ठेवली. त्यांनी स्थापिलेले केंद्र पुढे टाटा स्मारक केंद्रात विलीन झाले, व आता नवी मुंबईत खारघर येथे त्याचे कार्य चालते.

खानोलकरांच्या पिढीपाशी प्रश्न होता; उत्तरास लागणारी मोठाली घराणी व जनुक वाचण्याचे साधन नव्हते. घराण्यांच्या बाजूने हा प्रश्न ज्यांनी तडीस नेला, ते अमेरिकेचे डॉ. हेन्री लिंच होत. १९६२ च्या सुमारास नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी ते शिकाऊ वैद्य असता, दारूच्या व्यसनाने जर्जर झालेला एक रोगी त्यांच्यापुढे आला. तुम्ही पिता कशासाठी, असे विचारता तो म्हणाला की, आमच्या घरातले सर्व आतड्याच्या कर्करोगाने मरतात. मीही तसाच मरणार. दुसऱ्या कोणी हे बोलणे दारुड्याची बडबड म्हणून सोडून दिले असते. लिंच त्याच्या नातलगांकडे गेले; दवाखान्यांतील जुनी कागदपत्रे त्यांनी मिळविली, व त्या रोग्याचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याची त्यांची खात्री झाली.

अशीच गोष्ट त्यापूर्वीही घडली होती. मिशिगन विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ वॉर्थिन यांस १८९५ साली शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने सांगितले होते की, माझ्या घराण्यात सर्वजण या रोगाने जातात, तेव्हा मीही जाईन. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी १९१३ साली तिच्या घराण्याची हकीकत प्रसिद्ध केली. परंतु ती मागे पडली. लिंच यांनी १९६६ साली अशा दोन घराण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, व १९६७ साली ते ओमाहा येथील क्रेटन विद्यापीठात दाखल झाले. हे विद्यापीठ येशूसंघीय धर्मगुरूंचे. तेथे त्यांनी अर्धशतक काढले. कर्करोगास कारण केवळ बाहेरचे, असे मानणाऱ्या परीक्षकांनी त्यांचे अनुदानाचे अर्ज अनेक वर्षे फेटाळले. तरी घराण्यामागून घराणे लिहून घेणे त्यांनी सोडले नाही. अखेर १९९३–९४ साली त्या आतड्याच्या रोगाची जनुके सापडली. आज त्या विकारास ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. स्तन व बीजकोश यांच्या कर्करोगाविषयीही असेच झाले: मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली जनुकाचे ठिकाण दाखविले, १९९४ साली ‘बीआरसीए-१’ हाती लागले व १९९५ साली ‘बीआरसीए-२’. डॉ. लिंच २०१९ साली निवर्तले.

बंधुभगिनींनो, हा दोष देहात काम कसा करतो, ते एका दाखल्याने सांगतो. जुन्या वाड्याच्या दारास कडी असते व आतून अडसरही असतो. एक मोडले तरी दुसऱ्याने दार बंद राहते. पेशी बेसुमार वाढू नये म्हणून तिच्यात काही जनुके राखणदारी करतात, व प्रत्येकाच्या दोन प्रती असतात; एक आईकडची, एक बापाकडची. सामान्य माणसाच्या दोन्ही प्रती शाबूत असतात. एकाच पेशीत दोन्ही बिघडण्यास बहुधा दीर्घ काळ जातो, म्हणून त्यास रोग झालाच तर बहुधा उतारवयात होतो. ज्यास एक प्रत जन्मतःच मोडकी मिळाली, त्याच्या दारास एकच अडसर उरतो; म्हणून त्याच्या घराण्यात रोग तरुणपणी येतो व अनेकांस येतो. डोळ्याच्या पडद्याच्या, लहान मुलांस होणाऱ्या कर्करोगावरून डॉ. नुडसन यांनी १९७१ साली हे तत्त्व मांडले.

यावरून चार गोष्टी निघतात, व त्या ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, एकंदर कर्करोगांपैकी सुमारे शेकडा ५ ते १० च असे वारशाने आलेले असतात. दुसरी, दोष असलेल्या आईबापांकडून तो प्रत्येक अपत्यास जाण्याचा संभव निम्मा असतो. म्हणजे एका लेकीस मिळतो, दुसरीस मिळतही नाही. तिसरी, तो बापाकडूनही येतो. स्तनाच्या कर्करोगाचा दोष आत्याकडून बापामार्फत मुलीस येऊ शकतो. तेव्हा केवळ माहेरच्या बायकांची चौकशी करून भागत नाही, व घरात आलेल्या सुनेस तर बोल मुळीच लावता येत नाही. चौथी, दोष म्हणजे रोग नव्हे. तो संभव आहे.

नात्यातल्या लग्नांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या प्रांती मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ समाजांत आहे. वर सांगितलेले दोष अशा लग्नाने उत्पन्न होत नाहीत. एकाच बाजूची मोडकी प्रत त्यांस पुरते. परंतु दोन्ही बाजूंची प्रत मोडकी असेल तरच होणारे काही विरळ विकार आहेत. सूर्यप्रकाशाने लहानपणीच त्वचेचा कर्करोग करणारा झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा त्यांपैकी एक. असे विकार नात्यातील लग्नांत अधिक दिसतात. आपल्या धर्मसभेच्या नियमाने सख्ख्या आते-मामे भावंडांचा विवाह खास परवानगीवाचून होत नाही. त्या नियमाचा हाही एक लाभ समजावा.

आता कोणी विचारील, जाणून घेऊन उपयोग काय? फिनलंडमध्ये लिंच दोषाच्या घराण्यांतील माणसांचा सुमारे १५ वर्षे अभ्यास झाला. ज्यांचे आतडे दुर्बिणीने ठराविक मुदतीने तपासले जात होते, त्यांच्यात आतड्याचा कर्करोग व त्याने होणारे मृत्यू, दोन्ही निम्म्याहून अधिक कमी झाले. कारण रोग होण्यापूर्वीच आतड्यातील गाठी दिसतात व काढून टाकता येतात. अशा घराण्यात ही तपासणी साधारणतः वयाच्या २० ते २५ वर्षांपासून, दर एक-दोन वर्षांनी करावी, असे वैद्य सांगतात. स्तनाच्या रोगाचा दोष असलेल्या स्त्रीसही लवकर व वरचेवर तपासणीचा, तसेच मुले झाल्यावर बीजकोश काढून घेण्याचा मार्ग मोकळा असतो. ओमाहाच्या त्या रोग्यास हे ठाऊक असते, तर दारूखेरीज दुसरा आधार त्यास सापडला असता.

याच ठिकाणी प्रमाणाचे भान राखले पाहिजे. आपल्या भागात स्त्रियांचा फार मोठा घात करणारा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वारशाचा नव्हे; तो एका विषाणूने होतो. रोग एकाचा दुसऱ्यास लागत नाही. तो विषाणू तेवढा शरीरसंबंधातून जातो, ताट-तांब्यातून नव्हे. तो वेळीच ओळखता येतो, हे जगास लातूरच्या शेजारच्याच जिल्ह्याने शिकविले. बार्शी येथे डॉ. नेने यांनी १९८२ साली सुरू केलेल्या ग्रामीण कर्करोग संस्थेने, टाटा स्मारक केंद्राच्या व आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या साहाय्याने, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, एकदाच विषाणूची चाचणी केलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आलेले आढळले. शेतमजुरी करणाऱ्या, अक्षरशत्रू असलेल्या आपल्याच आयाबहिणींच्या सहकार्याने हे ज्ञान सर्व जगास मिळाले. मुखाचा कर्करोग तर तंबाखूचा. त्यासाठी रक्ताची परीक्षा नको, खिशातील पुडी टाकण्याचे मनोबल हवे.

मग आपण करावे काय? धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली असते, व कोण कोणाचे हे आपण त्यांतून सांगू शकतो. त्यांच्या जोडीस प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरी एक साधी वही करावी. तीत तीन पिढ्यांची नावे, आईकडची व बापाकडची, दोन्ही लिहावी. कोण कोणत्या वयात, कोणत्या अवयवाच्या रोगाने गेले, हे विचारून लिहावे. आजी हयात आहे तोवर विचारावे. तिच्यामागे सांगणारे कोणी उरणार नाही. दोन-तीन जवळच्या नातलगांस एकाच जातीचा कर्करोग झालेला दिसला, कोणास पन्नाशीच्या आत झालेला दिसला, किंवा एकाच माणसास दोन वेळा निरनिराळ्या जागी झालेला दिसला, तर ती वही घेऊन नांदेडच्या अथवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील वैद्यांकडे जावे. आवश्यक वाटल्यास ते मुंबईस पाठवतील. टाटा स्मारक केंद्रात परळ व खारघर येथे आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. तेथे प्रथम सल्ला देतात, मग रक्त तपासतात. व शक्यतो ज्यास रोग झाला आहे त्याचेच आधी तपासतात. चाचणी करून घ्यावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी ज्याचा त्याचा.

सोयरिकीविषयी शेवटचे सांगतो, कारण खरी अडचण तेथेच आहे. घराण्याचा रोग बाहेर पडला तर मुलीचे लग्न मोडेल, हे भय मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु ते भय दुसऱ्यांच्या अज्ञानावर पोसलेले आहे, व ते दूर करण्याचे सामर्थ्य दोन्ही पक्षांच्या वडीलधाऱ्यांत आहे. मुलाच्या घराने असे म्हणावे: ‘तुमच्याकडे आहे ते सांगा, आमच्याकडे आहे ते आम्ही सांगतो.’ निर्दोष रक्ताचे घराणे पृथ्वीच्या पाठीवर नाही. कोणाचा दोष कर्करोगाचा, कोणाचा मधुमेहाचा, कोणाचा हृदयाचा. लपविल्याने लग्न जुळते खरे, पण ती मुलगी पस्तिसाव्या वर्षी छातीतील गाठ हाताने चाचपून पाहते व भीतीने गप्प बसते. कारण गप्प बसण्याचाच धडा तिला माहेरून मिळालेला असतो. रक्तातला दोष देणे आपल्या हाती नव्हते. मौनाचा दोष मात्र आपण बुद्धिपुरस्सर देतो, आणि तो न देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

या ज्युबिलीच्या आनंदात पुढील पिढीस जे जे द्यावयाचे त्यात ही एक वहीही असावी, अशी माझी नम्र विनंती आहे.